थंड पाण्यातली नणंद

जगातलं झाडून सगळं थंड पाणी आपल्या मालकीचं आहे आणि कोमट पाणी ही भित्र्या माणसांसाठी केलेली सोय आहे, अशी ठाम समजूत असलेली एकच व्यक्ती माझ्या माहितीत आहे, आणि ती माझी नणंद आहे. ती दुसऱ्या कुणाची नणंद असती तर मीही चारचौघींसारखं तिचं कौतुक केलं असतं. पण ती आमच्याच घरात, अमेरिकेतल्या श्रूजबरीला, खालच्या मजल्यावर राहते. त्यामुळे कौतुक लोकांच्या वाट्याला आणि ओले कपडे माझ्या वाट्याला, अशी आमची जुनी वाटणी आहे. बुडालेली जहाजं बघायला ती समुद्राच्या तळाशी जायची. तेही उन्हाळी, निळ्याशार, पोस्टकार्डावरच्या समुद्रात नाही. मॅसॅच्युसेट्सच्या, ऐन ऑगस्टमध्येही खाली फ्रीजमधल्या पाण्याइतक्या गार असणाऱ्या, हिरव्या-काळ्या समुद्रात. नागपूरला कूलरसमोर ओली चादर पांघरून जिचं बालपण गेलं, चाळिशी उलटेपर्यंत जिला पोहता येत नव्हतं, ती बाई पन्नाशीनंतर हे करायला लागली, आणि वर मलाच विचारते, "वहिनी, यात एवढं चिडण्यासारखं काय आहे?"

काय आहे, ते सांगते. आमच्या घरात दोन बाथटब आहेत. त्यातल्या एकात मी गेल्या कित्येक उन्हाळ्यांत पाय ठेवलेला नाही, कारण त्यात तिचा ड्राय सूट भिजत पडलेला असायचा. ड्राय सूट म्हणजे आत पाणी शिरू न देणारा अंगभर पोशाख. तो काळा असतो आणि बाथटबात पसरला की थेट माणसासारखा दिसतो. माझा मामेभाऊ साताऱ्याहून पहिल्यांदा अमेरिकेत आला, आंघोळीला गेला आणि टॉवेल न घेताच बाहेर आला. त्यावर हिने त्याची माफी मागावी की नाही? नाही. तिने उलट त्यालाच फैलावर घेतलं. "दादा, तुम्ही झिपरला हात नाही ना लावला? फार नाजूक असते ती."

थंड पाण्यात बोटं बधिर होतात, म्हणून हे लोक हातात जाडजूड रबरी मोजे घालतात. त्या मोज्यांनी बकलं, झडपा, हुक सगळं चाचपून उघडता-मिटता आलं पाहिजे, म्हणून सराव करायचा. सराव करायला माझी हरकत नाही. पण तो माझ्या स्वयंपाकघरात कशाला? एका संक्रांतीला तिने ते मोजे घालून तिळाचे लाडू वळले. चटका बसला नाही एवढा एक फायदा सोडला, तर बाकी सगळा तोटा. लाडू आकाराने टेनिसच्या चेंडूएवढे झाले आणि त्यांना सायकलच्या ट्यूबचा वास येत होता. मराठी मंडळातल्या बायकांना ते देताना गोड बोला म्हणायची मला लाज वाटली. तिला नाही वाटली. ती सगळ्यांना सांगत होती, "एकही फुटला नाही बघा."

भारतीय दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयसेलिनला भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने हौसेने समोर शाली उलगडल्या. माझी नणंद एकेक शाल दोन बोटांत धरून चुरगाळत म्हणाली, "ओली झाल्यावर हिच्यात किती ऊब राहते?" तो बिचारा म्हणाला, "मॅडम, शाल ओली कशाला होईल?" तर ही त्याच्याकडे असं पाहू लागली, की जणू त्याने तिची फसवणूक केली. मी दोन साड्या घेतल्या आणि तिने काहीही न घेता, रागावून, दुकान सोडलं.

आणि गणपतीतला तो प्रसंग. बुडालेल्या जहाजाच्या आत गाळ उसळला की काही म्हणजे काही दिसत नाही. अशा वेळी बाहेरून बांधून आणलेली दोरी हाताने चाचपत परत यायचं असतं. त्याचा सराव करायला बाईसाहेबांनी मुहूर्त निवडला तो आमच्या आरतीचा. वर वीस-पंचवीस माणसं जमलेली, मी निरांजनात वाती लावतेय, आणि तळघराच्या जिन्यातून ही रांगत वर आली. डोळ्यांवर काळा रंग फासलेला मास्क, हातात पांढरी दोरी. ती दोरी तिने सकाळीच सोफ्याचा पाय, जेवणाचं टेबल आणि देव्हाऱ्याची कड अशी बांधून ठेवली होती, आणि मला वाटलं होतं की नवऱ्याने फुलांच्या माळा सोडायला बांधलीय. अर्विंगहून आलेल्या माझ्या मावशींनी घाईघाईने पदर सावरून तिला वाट करून दिली आणि माझ्या कानात विचारलं, "नवस फेडतेय का गं?" माझी मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, "आत्या, यू आर इन्सेन!" तिच्या आवाजात माझ्या वाट्याला कधी न आलेलं कौतुक होतं, हेही मी इथे नोंदवून ठेवते.

हे सगळं मी सोसते. पण तिचा तोरा सोसणं कठीण आहे. मंडळातले एक डॉक्टर सुट्टीत कॅरिबियनला जाऊन पाण्याखाली कासवं बघून आले आणि मोठ्या उत्साहाने हिला फोटो दाखवायला लागले. हिने दोन फोटो बघितले आणि म्हणाली, "छान आहे. मत्स्यालयच की, फक्त काच काढलेली." डॉक्टर त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. तिच्याशी बोलतात. हा कुठला न्याय?

एरवी तिच्याबरोबर बोटीवर माझा नवरा जायचा. सिलिंडर उचलायचे, थर्मासमधला चहा ओतायचा आणि बहीण वर येईपर्यंत पाण्याकडे बघत बसायचं. पण एका सप्टेंबरात तिची शिशाच्या वजनांची पिशवी उचलताना त्याची पाठ धरली, आणि तो आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "तू जा ना. तिला एकटीला पाठवायला नको वाटतं." ती एकटी नव्हतीच. तिच्याबरोबर तिचा नेहमीचा जोडीदार असायचा. पाण्याखाली एकमेकांवर लक्ष ठेवायला असा जोडीदार लागतोच. हा अग्निशमन दलातून निवृत्त झालेला आहे, ताडासारखा उंच, आणि बोलायला अगदी हळू. तरी मी गेले. चिडत गेले, पण गेले.

त्या जहाजाबद्दल मात्र मला आधीच सगळं पाठ होतं. कोळसा वाहून नेणारं जुनं जहाज, एका हिवाळी वादळात खलाशांसकट बुडालेलं. कुणीच वाचलं नव्हतं. ते इतकं खोल आणि इतक्या गार पाण्यात पडलंय, की नवख्या डायव्हरला तिथे नेतच नाहीत. त्याच्या मागच्या टोकाला सुकाणूचं चाक अजून उभं आहे असं ऐकून हिचे तीन उन्हाळे त्या चाकाच्या नावाने गेले होते. प्रत्येक वेळी वारा, नाहीतर लाटा, नाहीतर धुकं आडवं येऊन बेत कॅन्सल व्हायचा. आणि प्रत्येक वेळी घरी आल्यावर ती हवामानखात्यावर असं तोंडसुख घ्यायची, की जणू त्यांनी हे मुद्दाम केलं होतं.

त्या दिवशी समुद्र शांत होता. म्हणजे बाकीच्यांच्या मते. मी ग्लॉस्टरचा धक्का सुटल्यापासून बोटीच्या कठड्याला मिठी मारून उभी होते. बोटीची कप्तान एक पिकल्या केसांची, कमी बोलणारी बाई होती. निघताना तिने सगळ्यांना एकच गोष्ट दोनदा सांगितली. "खाली माणसं मेलेली आहेत. बघा आणि या. वर काहीही आणायचं नाही." ठरलं असं होतं, की पहिल्या खेपेला जहाजाचा पुढचा भाग बघायचा, वर येऊन पुरेशी विश्रांती घ्यायची आणि दुसऱ्या खेपेला मागच्या टोकाला, चाकाकडे जायचं.

पहिली खेप छान झाली. माझी नणंद वर आली ती हसतच. ओठ निळे पडलेले, नाकाखाली शेंबूड, आणि चेहऱ्यावर नवरीचं तेज. मी तिला चहा देतेय तोच तिच्यामागून एक पिवळ्या रबरी टोपीतला गृहस्थ शिडी चढून वर आला. येताना बोटीवर त्याचं, आपण किती जहाजं पाहिली ते सगळ्यांना सांगून झालं होतं. त्याने कमरेची जाळीची पिशवी सोडून डेकवर रिकामी केली. आत एक बूट होता. चामड्याचा, काळा पडलेला, टाच अजून शाबूत.

"हे काय आहे?" नणंदेने विचारलं.

"बूट," तो खुशीत म्हणाला. "शंभर वर्षांचा तरी असेल. शेल्फवर काय दिसेल!"

"कुणाचा आहे?"

तो हसला. "आता कुणाचाच नाही."

मी माझ्या नणंदेला रागावलेलं पुष्कळदा पाहिलंय. पण हे वेगळं होतं. तिने चहाचा कप माझ्या हातात दिला, त्या सहा फुटी माणसासमोर जाऊन उभी राहिली आणि सरळ मराठीत, नागपुरी मराठीत, कडाडली. "काय करून राह्यला बे तू? काही लाजबिज?" त्याला अर्थातच काही कळलं नाही. मग तिने त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं. की त्या बुटात पाय होता. की तो पाय घेऊन कुणीतरी कोळशाच्या धुरात राबत होता आणि त्याच्या घरी कुणीतरी वाट बघत बसलं असेल. की बाप्पा, स्मशानातून वस्तू उचलून दिवाणखान्यात मांडायच्या असतात का?

"रिलॅक्स, लेडी," तो म्हणाला. "तिथे तो सडणारच आहे."

"तर सडू दे. त्याच्या जागी सडू दे."

कप्तान बाई मध्ये आली. तिने त्या माणसाला थंड आवाजात सांगितलं, की यापुढे या बोटीवर त्याला जागा नाही, आणि ती वस्तू आत्ताच्या आत्ता परत पाण्यात गेली पाहिजे. त्याने खांदे उडवले, बूट उचलला आणि कठड्यावरून टाकायला हात मागे नेला. माझ्या नणंदेने त्याचं मनगट धरलं.

"टाकायचा नाही. जिथून उचललास तिथे ठेवायचा."

तो म्हणाला, त्याचं डोकं दुखतंय आणि तो काही पुन्हा खाली जाणार नाही. मग तिने तो बूट त्याच्या हातातून काढून घेतला, बादलीत समुद्राचं पाणी भरून त्यात ठेवला आणि बादलीशेजारी मांडी घालून बसली. विश्रांतीचा सगळा वेळ ती तिथेच बसून होती. जोडीदार तिच्याजवळ उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "पुढच्या भागात गेलो तर चाकापर्यंत पोचता येणार नाही. तेवढी हवा नसते. एकच काहीतरी होईल."

"ठाऊक आहे."

"पुन्हा कधी असं पाणी मिळेल, सांगता येत नाही."

"ठाऊक आहे म्हटलं ना."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अगं, तीन वर्षं थांबलीस त्या चाकासाठी! एका बुटासाठी घालवणार? ठेव बादलीत, पुढच्या वेळी कुणीतरी नेईल." तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. म्हणाली, "वहिनी, आपण त्याच्या घरात न विचारता शिरलो होतो गं. निदान वस्तू तरी जागेवर ठेवायला हवी."

ती बूट घेऊन जोडीदारासोबत खाली गेली. मी पाण्याकडे बघत उभी राहिले. वर येणारे बुडबुडे दिसत होते, शांत, एका लयीत. मग अचानक त्या जागी पाणी उकळल्यासारखं झालं. एवढाले बुडबुडे, नुसती फेसाची थाळी. कप्तान बाई झटकन कठड्याशी आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "रेग्युलेटर गोठला असेल कुणाचातरी." हे मला नंतर नीट समजलं. तोंडात हवा देणारा रेग्युलेटर अति गार पाण्यात कधी कधी गोठतो आणि उघडाच राहतो, मग सिलिंडरमधली हवा धो धो वाहून जाते. तेव्हा मला एवढंच समजलं, की खाली कुणाचीतरी हवा संपत चाललीय, आणि तो कुणीतरी दोघांपैकी एक आहे. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. त्या पिवळ्या टोपीवर, त्या बुटावर, त्या मेलेल्या खलाशावर, घरी पाठ धरून झोपलेल्या नवऱ्यावर. कठडा मी इतका घट्ट धरला होता, की नंतर हात उघडेना.

तो फेस थांबला. मग खूप वेळाने, कारण त्या खोलीवरून थांबत थांबतच वर यावं लागतं, दोन डोकी दिसली. रेग्युलेटर तिचाच गोठला होता. जोडीदाराने नंतर सांगितलं, की तिने बूट एका तुळईखाली, आधी होता त्या खळग्यात, नीट उभा ठेवला, आणि वळताना ते झालं. तिने डोक्यामागे हात नेऊन त्या सिलिंडरची झडप स्वतः बंद केली, दुसऱ्या सिलिंडरचा रेग्युलेटर तोंडात धरला आणि त्याला हाताने खूण केली, वर. अजिबात घाबरली नाही, असं तो म्हणाला.

पण डेकवर आल्यावर ती खोकायला लागली. खोकला थांबेना. श्वास घेताना छातीत पाणी भरलेल्या नळासारखा आवाज येत होता. थुंकीत गुलाबी फेस आला तेव्हा कप्तान बाईने एका हाताने तिला ऑक्सिजन लावला आणि दुसऱ्या हाताने रेडिओ उचलला. बोट धक्क्याकडे वळली, तिथे ॲम्ब्युलन्स बोलावलेली होती. सगळ्या वाटेत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि तिला अखंड बोलत होते. मूर्ख, हट्टी, अक्कलशून्य, भावाचा तरी विचार करायचा. ती मास्कसकट मान हलवत होती. पिवळ्या टोपीवाला बोटीच्या पुढच्या टोकाला पाठ करून बसला होता. धक्का आला तसा तो माझ्याजवळ आला आणि तिचे सगळे जड सिलिंडर उचलून एकेक करून आमच्या गाडीत ठेवून गेला.

ती बरी झाली. दोन दिवसांत बसून दवाखान्यातल्या जेवणावर टीका करायला लागली, तेव्हाच मला कळलं. पण डॉक्टर म्हणाले, गार पाणी आणि दाब यांनी तिच्या फुप्फुसात पाणी झालं होतं, आणि एकदा झालं की पुन्हा होण्याची भीती फार. पुन्हा पाण्याखाली जायचं नाही. तिने त्या डॉक्टरांशी वाद घातला. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली, त्यांच्याशीही घातला. "यांनी कधी समुद्र तरी बघितलाय का?" असं मला गाडीत विचारलं. त्यांच्या खोलीत त्यांच्याच शिडाच्या होडीचा फोटो टांगलेला होता, ते मी तिला सांगितलं नाही. तिसरेही तेच म्हणाले. त्या दिवशी तिने वाद घातला नाही, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

हिवाळा तसाच गेला. उन्हाळ्यात जोडीदाराचा फोन आला. पाणी चांगलं आहे, तो त्या जहाजावर चाललाय, ती बोटीवर नुसती बसायला येईल का? माझी अशी खात्री होती, की ती चिडून फोन ठेवेल. ती म्हणाली, "वहिनी गाडी चालवणार असेल तर येते." आम्ही गेलो. तो खाली जाऊन चाक बघून आला, आणि ओला पोशाखही न काढता तिच्यासमोर बसून त्याने तिला सगळं सांगितलं. चाकाचे आरे किती उरलेत, कुठे शिंपले चिकटलेत, एक मोठा लॉबस्टर कसा त्याखाली घर करून बसलाय. ती बारीकसारीक विचारत होती आणि तो शोधून शोधून उत्तरं देत होता. शेवटी ती म्हणाली, "थँक्यू," आणि त्याचे हातमोजे ओढून काढायला त्याला मदत केली.

परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. दुपारचं ऊन होतं, रस्ता मोकळा होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अगं, खाली उतरताना नेमकं कसं वाटतं?" आणि माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मी फक्त रागावत होते.

ती सांगायला लागली. आधी हिरवं असतं, म्हणाली, कैरीच्या सालीसारखं. मग ते गडद होत जातं आणि गार पाण्याचा थर लागतो, तो एकदम, दारातून आत गेल्यासारखा. गालांना फक्त जाणवतो, कारण तेवढेच उघडे असतात. मग आवाज जातात. आपला श्वास तेवढा उरतो. आणि मग खाली, नुसत्या काळोखात, टॉर्चच्या उजेडात हळूहळू एक भिंत दिसायला लागते, आणि ती भिंत नसते, ते जहाज असतं. ती हात हलवून दाखवत होती. तिच्या आवाजात अजिबात तोरा नव्हता.

हमरस्त्यावरून श्रूजबरीला वळायचा आमचा एक्झिट आला. मी तो जाऊ दिला. तिच्या लक्षात आलं नाही. ती नुकतीच तळाशी पोचली होती.